तळघरातल्या ममी पाहताना: पाणी कुठे गेलं ते शोधा

युरोपात चर्चखालच्या तळघरांतल्या ममी पाहायला जाणार असाल, तर आधी कमाटीबागेतल्या आपल्या बडोदा म्युझियममधली इजिप्शियन ममी नीट पाहून घ्या. इजिप्तमध्ये आतडी, फुप्फुसं वगैरे काढून शरीर साधारण ४० दिवस नेट्रॉन या नैसर्गिक क्षारात ठेवत. क्षारानं पाणी ओढून घेतलं की जिवाणूंचं काम थांबायचं. चर्चमधल्या बहुतेक ममींमागेही पाणी घालवणं हेच कारण आहे, फक्त वाट वेगळी. म्हणून प्रत्येक तळघरात एकच प्रश्न विचारा: या शरीरातलं पाणी कुठे गेलं?

इटलीतल्या पालेर्मो शहरात, कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठात ते खाली निथळलं. बंद खोलीत मातीच्या नळ्यांच्या जाळीवर देह ठेवत. आठ महिने ते वर्षभरानं बाहेर काढून व्हिनेगरनं धूत, उन्हावाऱ्यावर सुकवत, पोकळीत पेंढा भरत आणि कपडे चढवत. साथीच्या काळात मात्र देह आर्सेनिकच्या किंवा चुन्याच्या पाण्यात बुडवत. ही प्रथा 1599 मध्ये मठातल्या साधूंपुरती सुरू झाली, पुढे शहरातले प्रतिष्ठितही आले. साधू, पुरुष, स्त्रिया, मुलं, व्यावसायिक असे वेगळे बोळ आहेत. त्या निथळण्याच्या खोल्या चुकवू नका. सगळं तंत्र तिथेच समजतं.

इथेच 1920 मध्ये वारलेली रोझालिया लोम्बार्दो आहे, दोन वर्षंही पुरी न झालेली. तिची पद्धत निराळी. देह टिकवण्याचं काम करणाऱ्या आल्फ्रेदो सालाफियानं तिच्या शरीरात द्रावण भरलं: जिवाणू मारायला फॉर्मेलिन, सुकण्यासाठी अल्कोहोल, अति कोरडेपणा टाळायला ग्लिसरीन, बुरशी रोखायला सॅलिसिलिक आम्ल आणि ताठपणासाठी जस्ताचे क्षार. ती डोळे उघडते असे व्हिडिओ फिरतात. तिच्या पापण्या मुळातच अर्धवट मिटलेल्या आहेत. उजेडाचा कोन बदलला की तसं भासतं.

हंगेरीतल्या व्हात्स गावी कोणी काहीच केलं नव्हतं. तिथल्या डोमिनिकन पंथाच्या चर्चचं तळघर 1994 मध्ये दुरुस्तीच्या वेळी उघडलं, तेव्हा 265 देह मिळाले. 8 ते 11 अंश तापमान, सतत खेळती हवा आणि शवपेटीच्या तळाशी ओल शोषणारा लाकडाचा भुसा, एवढ्यावर ते टिकले. त्यांच्यातून क्षयाच्या जंतूंचा डीएनए मिळाला, आणि अठराव्या शतकातल्या क्षयाबद्दल थेट पुरावा हाती आला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं ठिकाण हेच.

गेलेलं पाणी परत आलं की सगळं बिघडतं. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतल्या ओलीचं प्रमाण, 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या हवेत हा आकडा सहज ओलांडला जातो, म्हणून इथे ममी सांभाळणं इजिप्तपेक्षा कितीतरी अवघड. गर्दीच्या श्वासातूनही ओल येते. काचेला नाक लावून उभं राहू नका, भिंतींना हात लावू नका.

पालेर्मोत फोटो काढायला मनाई आहे. ती पाळा, ही कुणाची तरी माणसं आहेत. दुपारी दार बंद असतं. सकाळी लवकर जा, आणि बाहेर ऊन असलं तरी अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा. लहान मुलांना नेणार असाल तर मुलांचा बोळ असतो, हे आधी सांगून ठेवा.

आयर्लंडमधल्या डब्लिनचं सेंट मिकन्स चर्च ममी पाहायच्या ठिकाणांच्या जुन्या याद्यांत अजून दिसतं. जून 2024 मध्ये तळघरात आग लावली गेली आणि ती विझवताना सोडलेल्या पाण्यानं तिथल्या ममी नष्ट झाल्या. त्यांच्यासाठी डब्लिनला जाणार असाल तर तो दिवस व्हात्सला द्या; बुडापेस्टहून रेल्वेनं जाता येतं.