टेकडीवरचे फुकटे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिमिंग्टनहून फेरी पकडली की चाळीसेक मिनिटांत यारमथ, आणि तिथून बसने फ्रेशवॉटर अगदी जवळ. आईल ऑफ वाइट बेटाच्या या टोकाला लोक येतात ते नीडल्सचे पांढरे सुळके बघायला. मी मात्र गावातल्या हॉलमध्ये संध्याकाळी ठेवलेल्या एका व्याख्यानासाठी आले होते. विषय होता ऑगस्ट १९७० चा इथला रॉक महोत्सव: गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, द हू, द डोअर्स, माइल्स डेव्हिस, जोनी मिचेल.

दुपार मोकळी होती म्हणून आधी महोत्सवाची जागा पाहून घेतली. खाडीवरून मिलिटरी रोडने चढायला लागलं की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे ॲफ्टन डाउनची खडूची टेकडी. वर वारा असा की ओढणी सांभाळू की फोन, असं झालं. माथ्यावरून पलीकडे पाहिलं की ईस्ट ॲफ्टनची शेतं ताटात वाढल्यासारखी समोर दिसतात. त्या पाच दिवसांत जे काही बिनसलं, त्याचं मूळ याच देखाव्यात होतं.

हॉलमध्ये पांढऱ्या केसांची गर्दी, मागे चहाची किटली. मला वाटलं होतं, सुरुवात हेंड्रिक्सपासून होईल. झाली पोहण्याच्या तलावापासून! बेटावर बंदिस्त तलाव हवा, त्यासाठी निधी जमवायचा, म्हणून आयोजक फोक बंधूंनी १९६८ साली गॉडशिलजवळच्या शेतात रात्रभराचा कार्यक्रम केला. दहाएक हजार लोक आले. पुढच्या वर्षी बेटावरच्याच वूटनला खुद्द बॉब डिलन आला, आणि श्रोत्यांत चारांपैकी तीन बीटल्स! एवढं झाल्यावर १९७० ला काय होणार, हे बेटावरच्या प्रतिष्ठितांनी ताडलंच होतं. विरोध सुरू झाला. एकामागून एक जागा नाकारल्या गेल्या आणि शेवटी पदरात पडली ती ही, डोक्यावर टेकडी असलेली.

तिकीट होतं तीन पौंड. मैदानाभोवती पत्र्याचं दुहेरी कुंपण, पहाऱ्याला कुत्री. पण टेकडीवर बसलं की सगळा रंगमंच फुकटात! हजारो लोकांनी तिथेच तळ ठोकला आणि डिलनच्या गाण्यावरून त्या वस्तीला नाव पडलं डेसोलेशन रो. संगीत सर्वांना मोफत हवं, असं म्हणत काहींनी पत्रेही उचकटले. त्यांचा आवेश मला समजतो, पण माझं मत आयोजकांच्या बाजूने. गायकांचं मानधन, ध्वनिक्षेपक, पाणी, संडास यांचे पैसे कोणीतरी मोजायचेच ना? जोनी मिचेलचा कार्यक्रम चालू असताना एक जण मंचावर घुसला. गोंधळ इतका वाढला की तिने रडवेल्या आवाजात श्रोत्यांना सुनावलं, आणि मग ती गायली. शेवटी आयोजकांनी हात टेकले आणि प्रवेश मोफत जाहीर केला.

किती लोक आले? सहा लाख हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, त्यावर वाद आजही आहे. बेटाची वस्ती तेव्हा लाखभर, म्हणजे निम्मे धरले तरी गावकऱ्यांची झोप उडणारच. त्यात कॉम्प्टनच्या किनाऱ्यावर पोरं-पोरी विवस्त्र पोहायला लागली. ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा माझ्या शेजारच्या आजी खुदकन हसल्या. परिणाम मात्र गंभीर झाला: १९७१ चा खास कायदा. पाच हजारांहून अधिक लोक रात्रभर उघड्यावर जमणार असतील तर परवाना घ्यायचा. महोत्सव बेटावर परतला तो थेट २००२ मध्ये, न्यूपोर्टला.

प्रश्नोत्तरांत हेंड्रिक्सवरून दोन आजोबांची जुंपली. तो मंचावर आला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, सुरक्षारक्षकांच्या वॉकीटॉकीवरचं बोलणं मध्येच त्याच्या ॲम्प्लिफायरमधून ऐकू येत होतं, आणि १८ सप्टेंबरला लंडनमध्ये तो गेलाच. एक आजोबा म्हणाले, तसं वादन पुन्हा ऐकलं नाही. दुसरे ठासून म्हणाले, छे, निम्मं तर वाऱ्यावरच गेलं, धड काही ऐकूच येत नव्हतं.

तुम्ही कुठे बसला होतात, असं वक्त्यांनी त्यांना विचारलं.

"टेकडीवर," आजोबा म्हणाले.