बॅकगॅमनमध्ये खालच्या रेटिंगचा खेळाडू जिंकतो तेव्हा

जुलै १९७९ मध्ये माँटे कार्लोत ‘बीकेजी ९.८’ नावाच्या संगणक-प्रोग्रॅमने लुइजी व्हिलाला सात गुणांच्या, म्हणजे आधी सात गुण करणारा जिंकतो अशा सामन्यात ७-१ असं हरवलं. व्हिला तेव्हा नुकताच बॅकगॅमनचा, म्हणजे फासे टाकून आपल्या सोंगट्या पटाबाहेर काढायच्या दोघांच्या खेळाचा जगज्जेता झाला होता. प्रोग्रॅम लिहिणारे हान्स बर्लिनर हे टपाली बुद्धिबळाचे माजी जगज्जेते. सामन्यानंतर त्यांनी एकेक दान तपासलं आणि मोकळेपणाने मांडलं की खेळ व्हिलाचा सरस होता, दानं मात्र यंत्राला चांगली पडली. जिंकलेल्या बाजूने असं सांगणं दुर्मीळच.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने स्विस लीग, रेटिंग, टायब्रेक हे शब्द घरगुती करून ठेवलेत. खालच्या बोर्डावरच्या पोराने वरच्याला मारलं की इथला जाणकार आधी डावाचा कागद, म्हणजे चालींची नोंद मागतो. बॅकगॅमनमध्येही तेच करायचं, फक्त फासे मध्ये असल्यामुळे कागद वाचायची पद्धत वेगळी.

आधी अंदाज कसा बांधायचा ते बघू. बुद्धिबळात २०० गुणांनी खाली असलेल्या खेळाडूचा अपेक्षित वाटा साधारण २४ टक्के. बॅकगॅमनच्या ‘फिब्स’ या जुन्या सर्व्हरचं सूत्र असं: रेटिंगमधला फरक गुणिले सामन्याच्या लांबीचं वर्गमूळ, भागिले २०००. जो आकडा येईल तो १० चा घातांक. त्यात १ मिळवून १ ला त्याने भागलं की दुबळ्या खेळाडूची जिंकण्याची शक्यता मिळते. फरक २०० धरला तर एका गुणाच्या सामन्यात ४४ टक्के, पाच गुणांच्या सामन्यात ३७, अकराच्या ३२ आणि पंचवीसच्या २४. म्हणजे बुद्धिबळाचा एक डाव जेवढं सांगतो तेवढं सांगायला बॅकगॅमनला पंचवीस गुणांचा सामना लागतो. पाच गुणांच्या फेरीत कुणी वरच्याला हरवलं तर त्यात डोळे विस्फारण्यासारखं काही नाही. तोच खेळाडू अकरा-अकराचे तीन सामने ओळीने काढतो तेव्हा मात्र खुर्ची पुढे ओढावी: ०.३२ चा घन, म्हणजे शंभरात तीनदा.

आता दुबळ्या खेळाडूच्या हातात काय असतं? फासे नसतात, दुपटीचा क्यूब असतो. क्यूबवर २, ४, ८ ते ६४ असे आकडे. आपली दान टाकायची पाळी आली की टाकण्याआधी डावाची किंमत दुप्पट करायची सूचना देता येते. समोरच्याने नाकारलं तर तो चालू किंमत हरतो, स्वीकारलं तर क्यूब त्याच्याकडे जातो आणि पुढची दुप्पट फक्त तो करू शकतो. स्वीकारण्याची सीमा २५ टक्के. तशा चार डावांत नाकारलं तर चार गुण गेले. स्वीकारून एक जिंकला, तीन हरले, तरी २ वजा ६ म्हणजे चारच गेले. त्यामुळे २५ च्या वर असाल तर स्वीकारा. सामन्याचा स्कोअर आणि गॅमनची, म्हणजे दुप्पट हारीची भीती ही सीमा हलवते, पण सुरुवात इथून.

नवख्यांचं नुकसान नेमकं इथे होतं. शेवटच्या टप्प्याचं एक उदाहरण घ्या. समोरच्याच्या दोन सोंगट्या उरल्यात, एक बाहेरून पाचव्या घरावर, एक दुसऱ्या. तुमची एकच उरलीय, म्हणजे पाळी आली की तुम्ही जिंकलात. दोन्ही सोंगट्या एका दानात निघायला ३६ पैकी १९ दानं चालतात (तिना-तिना आणि दुवा-दुवा मोजायला विसरू नका). तो दुप्पट करतो. “त्याचं पारडं जड आहे” म्हणून नवखा हात वर करतो आणि पूर्ण एक गुण देऊन बसतो. स्वीकारलं असतं तर तोटा सरासरी एक नवमांश गुण, कारण १७ वेळा तुम्हीच जिंकता. आणि अशा स्थितीत समोर जगज्जेता बसला तरी फरक पडत नाही. उरलेलं काम फाशांचं.

यावरून दुबळ्या बाजूचं धोरण निघतं. जिथे पुढे फारसे निर्णय उरलेले नाहीत, म्हणजे सोंगट्या एकमेकींना पार करून गेल्यात आणि निव्वळ शर्यत आहे, तिथे क्यूब बिनधास्त फिरवा आणि बिनधास्त घ्या. जिथे गुंता आहे, दोघांच्या सोंगट्या एकमेकांच्या घरात अडकल्यात, तिथे कागदावर २६ टक्के दिसले तरी बलवान खेळाडूविरुद्ध प्रत्यक्षात ते मिळत नाहीत. काठावरचं आमंत्रण सोडून द्यावं. शर्यतीत पिप मोजा, म्हणजे सगळ्या सोंगट्यांना बाहेर पडायला लागणारी एकूण घरं. सुरुवातीला ती प्रत्येकी १६७ असतात. लांब शर्यतीचा ठोकताळा: आपल्या पिपच्या ८ टक्क्यांनी पुढे असाल तर पहिली दुप्पट, ९ नी पुढे असाल तर पुन्हा दुप्पट, आणि समोरचा १२ टक्क्यांपर्यंत मागे असेल तर त्याने स्वीकारावं. तुमचे १००, त्याचे ११० असतील तर दुप्पट करा. तो घेईल, आणि घेतलं तर बरोबरच करेल.

स्कोअरचाही उपयोग होतो. सामना जिंकायला दोघांनाही दोन-दोन गुण हवे असतील तर दुबळ्याने पहिल्या संधीलाच दुप्पट केली तरी तांत्रिकदृष्ट्या जवळपास काही बिघडत नाही. तो एकच डाव सामन्याचा निकाल लावतो, आणि वरच्याच सूत्राने, फरक २०० धरून, शक्यता ४२ वरून ४४ वर जाते. दोन टक्के फुकट कोण देतो?

क्रॉफर्ड नियम लोक हमखास विसरतात. एकजण विजयापासून एका गुणावर आला की लगेचच्या डावात क्यूब बंद. त्यानंतरच्या डावांत मागे असलेल्याने पहिल्या पाळीलाच दुप्पट करायची, कारण त्याला गमवायला काही नाही. पुढे असलेल्याने एक हिशेब ठेवावा: मागच्याला सम संख्येने गुण हवे असतील तर एकदा नाकारणं फुकट पडतं. त्याला दोन हवेत. तुम्ही नाकारलंत तर एक उरतो, स्वीकारलंत तर हाच डाव निर्णायक. दोन्हीकडे एकच डाव. म्हणून सुरुवातीचं दान थोडं जरी वाईट पडलं असेल तर नाकारा. त्याला तीन हवे असतील तर ही चैन परवडत नाही.

आता कागद वाचायची वेळ. ‘एक्स्ट्रीम गॅमन’ किंवा फुकटचं ‘ग्नू बॅकगॅमन’ या खेळ तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सामना भरला की दोन आकडे वेगळे निघतात. एक चुकांचा: प्रत्येक निर्णयात सरासरी किती गमावलं. एक्स्ट्रीम गॅमन त्याला ५०० ने गुणून पीआर (परफॉर्मन्स रेटिंग) देतं, आणि तो जितका कमी तितका खेळ चांगला. पाचाच्या खाली जागतिक दर्जा मानतात. दुसरा नशिबाचा: दान पडल्यावरची स्थिती त्याआधीच्या सरासरी अपेक्षेपेक्षा किती वर-खाली गेली, त्याची बेरीज. खालच्या रेटिंगचा खेळाडू पीआर १२ ने जिंकला आणि नशीब भरघोस त्याच्या बाजूने असेल तर पाठ थोपटून सोडून द्या. तोच नशीब उणे असताना पीआर ६ ने हरला असेल तर पुढच्या फेरीत त्याच्यासमोर बसणाऱ्याने सांभाळून राहावं. माझ्या मते बक्षीस नसलं तरी निकालपत्रकात पीआरचा रकाना हवाच.

एका सामन्याच्या पीआरवरही फार विसंबू नये. पाच गुणांचा सामना दोन-तीन डावांत संपू शकतो, निर्णय थोडेच, आणि क्यूबची एक घोडचूक आकडा दुप्पट करते. निदान चार-पाच लांब सामन्यांची सरासरी घ्यावी.

त्यासाठी सामना नोंदलेला हवा. मोबाइल पटाच्या बरोबर वर, फासे आणि क्यूब दोन्ही दिसतील असा लावावा. तिरका लावला तर पाच आणि सहा ओळखू येत नाहीत आणि दिव्याची चकाकी फाशांवर येते. बुद्धिबळाच्या घड्याळाची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवायचं: फासे उचलले की चाल पक्की झाली. सोंगट्या पूर्ण हलवून, एकदा मोजूनच फाशांना हात लावायचा.