ब्रँटफर्डच्या विटा

लेकीच्या शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीताआधी ही जमीन मुळात कुणाची, ते सांगणारं निवेदन होतं. सातवीतल्या मुलांना ते पाढ्यासारखं पाठ. म्हणून शाळेने कॅनडातल्याच, ऑन्टॅरिओतल्या ब्रँटफर्ड गावाची सहल काढली आणि मदतनीस पालक म्हणून मी बसमध्ये चढले. आम्ही राहतो त्या किचनरहून जेमतेम पाऊण तास.

तिथली मोहॉक इन्स्टिट्यूट ही निवासी शाळा 1970 मध्ये बंद झाली. आदिवासी मुलांना घरापासून तोडून इथे ठेवत, मातृभाषा बोलल्याबद्दल मारत. कॅनडाभर अशा शाळांत दीड लाखाच्या आसपास मुलं गेली. इथल्या मुलांनी शाळेला नाव ठेवलं ‘मश होल’, कारण ताटात रोज तीच बेचव लापशी. मागे सफरचंदाची बाग, पण फळाला हात लावला की शिक्षा.

आतल्या खोल्या लवकर आटपा, मागच्या भिंतीपाशी मात्र रेंगाळा. तिथल्या विटांवर मुलांनी खिळ्याबिळ्याने कोरलेली नावं आहेत, आकडे आहेत. आकडे कशाला? मुलांना नावाऐवजी नंबराने हाक मारायचे. एका विटेवरचं अक्षर अर्धवटच राहिलेलं. लेक बोटाने गिरवायला गेली आणि मी तिचा हात मागे घेतला. तुम्हीही मुलांना आधीच बजावून ठेवा, विटा झिजतात.

2013 मध्ये छप्पर गळू लागलं तेव्हा इमारत पाडायची की राखायची, असं सिक्स नेशन्सच्या (मोहॉक आणि इतर पाच आदिवासी राष्ट्रांच्या) लोकांनाच विचारलं होतं. बहुतेकांनी ‘राखा’ म्हटलं. पुरावा म्हणून.

‘आपण तर कॅनडात कालपरवा आलो, आपला काय संबंध?’ हे आपल्या मराठी मंडळींकडून बरेचदा ऐकते. ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन ब्रिटिशांनी 1784 मध्ये सिक्स नेशन्सच्या लोकांना लिहून दिली होती. त्यातली पाच टक्केही आज त्यांच्याकडे नाही. किचनर, वॉटर्लू, केंब्रिज त्याच पट्ट्यात येतं. माझं गहाणखत कुठल्या जमिनीवर आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

जाणार असाल तर बुकिंग आधी करा आणि मार्गदर्शकासोबतच फिरा. 30 सप्टेंबरला निवासी शाळांतल्या मुलांचा स्मरणदिन असतो, त्याच्या आसपास गर्दी असते. त्या दिवशी घालतात तो नारिंगी शर्ट घ्यायचाच तर आदिवासी विक्रेत्याकडून घ्या. फोटो विचारून काढा. लहान भावंडं नेऊ नका, दहा-अकराच्या आतल्या मुलांना झेपणार नाही. मोहॉक चॅपल हे जुनं चर्च जवळच आहे, तेही बघून घ्या.

डबे घरून न्या, पण जेवायचं ते आत जाण्याआधी. आम्ही नंतर ठेवलं होतं. निम्मे डबे तसेच परत आले.