रात्री जास्त अडखळणारी गाडी: पिकअपचा छडा (बहुतेक) लागला

आधीच्या नोंदीत गाडी जिथे सोडली होती तिथूनच पुढे. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, केबलचा थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप). हळू चालवली तर काही तक्रार नाही. तिसऱ्या गियरमध्ये जरा जोरात रेस दिली की क्षणभर गप्प बसते, एक झटका मारते आणि मग उचलते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावर कुर्ल्याचे रूळ ओलांडायला जो चढ आहे, तिथे तर हमखास. चेक इंजिनचा दिवा नाही, स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोड नाही.

पावसात त्रास वाढतो म्हटल्यावर सगळ्यांची बोटं इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लग आणि कॉइलकडे. तर्क चुकीचा नाही. प्लगवर बसणारा रबरी बूट चिरला असेल तर दमट हवेत ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरूनच पळते. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, चार प्लग, चार कॉइल टाका आणि मोकळे व्हा." प्लग काढून पाहिले. चारही एकाच रंगाचे, गॅप १ मिमीच्या आसपास, पांढऱ्या पोर्सेलिनवर काळी रेघ कुठेही नाही. अंदाजाने पार्ट बदलत बसणं खिशाला परवडत नाही, आणि त्यात मजाही नाही.

म्हणून रविवारी भल्या पहाटे पूर्व मुक्त मार्ग. भाचा चालवायला, मी शेजारी ब्लूटूथ स्कॅनर जोडलेला मोबाइल घेऊन. "मामा, आता दाबू का?" "दाब, पण ऐंशीच्या आत."

आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) ठरलेल्या मापापेक्षा किती जास्त-कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा, +५ टक्के. यावर दचकायचं कारण नाही. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५. जुन्या ट्यूनिंगची गाडी त्यामुळे थोडं जास्त पेट्रोल सोडणारच. पण वेग वाढवत नेला तसा ट्रिम +१५ च्या पुढे सरकला. हवेची गळती असती तर उलट झालं असतं: आयडलला जास्त, रेसवर कमी. शिवाय या गाडीत मॅफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) नाही, मॅप (आतल्या हवेचा दाब मोजणारा) सेन्सर आहे. अशा गाडीत गळती ट्रिमपेक्षा चढलेल्या आयडलमध्ये आधी दिसते, आणि माझं आयडल स्थिर आहे.

खरी गंमत पूर्ण रेसवर. तेव्हा ईसीयू ट्रिमचा हिशेब बाजूला ठेवून जास्तीचं पेट्रोल सोडतो, त्यामुळे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरवर (धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो; व्होल्ट कमी म्हणजे ऑक्सिजन जास्त) ०.८ ते ०.९ व्होल्ट दिसायला हवेत. झटका बसताना आकडा ०.२ च्या खाली. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका. सिलिंडर मिस झाला तरी न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि सेन्सर तेच सांगतो. खात्री करायची तर प्रेशर गेजच लावायला हवा.

टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, लाइनमधलं प्रेशर उतरलं, मग गेज जोडायला टी-जॉइंट बसवला. अग्निशामक हाताशी हवाच. गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेवर टेपने चिकटवली. आयडलला ३ बार. चढावर रेस दिली तर २ च्या खाली. बिचाऱ्या कॉइल निर्दोष सुटल्या.

इथे बहुतेक जण पंप बदलतात. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. कोरड्या रात्रीही गाडी दिवसापेक्षा जास्त अडखळायची. मग यात पावसाचा संबंध काय? पावसात आणि रात्री समान एकच: दिवे चालू असतात.

मागची सीट उचलली आणि इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीचा प्लस ते पंपाचा प्लस, ०.२ व्होल्टचा फरक. ठीक. पंपाचा मायनस ते बॅटरीचा मायनस: १.४. मागचे दिवे आणि डिफॉगर लावले, भाच्याने ब्रेक दाबला, आकडा २.५ वर! अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तरी मी संशय घेतो. पंप आणि मागचे दिवे एकाच अर्थवर (गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेल्या मायनस वायरवर) होते, आणि दिव्यांचा करंट पंपाच्या वाट्याचे व्होल्ट खात होता. आयडलला पेट्रोल कमी लागतं म्हणून तेवढ्यात भागायचं, चढावर नाही.

अर्थचा बोल्ट मागच्या डाव्या चाकाच्या कमानीपाशी, कार्पेटखाली सापडला. खालचा फेल्ट ओलाकिच्च. डिकीच्या रबरातून पावसाळ्यात पाणी झिरपत होतं आणि बोल्टखाली हिरवट-पांढरा थर साचला होता. बॅटरीचा मायनस सोडवून १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढला, पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारला, वायर काळी पडली होती तिथपर्यंत कापून नवं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवलं, वरून व्हॅसलीन. डिकीचं रबर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळालं, जुनं पण लवचीक. रबर न बदलता अर्थ साफ करणं म्हणजे पुढच्या जुलैत हेच काम पुन्हा.

आता सगळे दिवे लावूनही फरक ०.१ च्या आत. चढावर प्रेशर २.९ च्या खाली जात नाही, ऑक्सिजन सेन्सर ०.८५ वर, ट्रिम +५ ला स्थिर. झटका गेला. खर्च म्हणाल तर रबराचाच.

"बहुतेक" एवढ्यासाठी की सकाळी थंड इंजिनवर, अगदी हलक्या रेसला, किंचित अडखळ अजून आहे. तिचा पेट्रोलशी संबंध दिसत नाही. प्रेशर तेव्हाही पूर्ण असतं. थ्रॉटल बॉडीतला कार्बन किंवा थ्रॉटल सेन्सरच्या सुरुवातीच्या पट्टीवरची झीज, यातलं एक असावं. कार्बन साफ करून मग सेन्सर तपासेन, तोही काट्याच्या जुन्या मल्टिमीटरने. थ्रॉटल हळूहळू उघडताना काटा कुठे दचकला तर लगेच दिसतं. डिजिटलवर आकडा बदलेपर्यंत ती जागा निघून गेलेली असते.