तीन महिन्यांची

अण्णांची साखर तपासायची ठरली की घरात कुणी न सांगता परहेज सुरू होतं. चार दिवस चहा फिका, भात बंद, रात्री कडक भाकरी आणि मेथी. पाचव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त. आकडा 118 येतो. 126 ला मधुमेह धरतात, म्हणून सगळे खूश. खरं तर 100 च्या पुढेच सावध व्हायचं असतं, पण तेवढं कोण वाचतंय? दुपारच्या चहात साखर परत येते.

'तीन महिन्यांची' तपासणी अशी फसत नाही. एचबीएवनसी तिचं नाव. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी साधारण 120 दिवस जगतात. संक्रांतीच्या शेंगापोळ्या, गड्ड्याच्या जत्रेत उभ्याउभ्या खाल्लेलं, सगळं फेब्रुवारीच्या रक्तात हजर. 5.7 च्या खाली बरं, 6.5 पासून मधुमेह. हिला उपाशी राहावं लागत नाही, वेळेचं बंधन नाही. तरी हीच टळते.

भीती आजाराची कमी, आकड्यानंतरच्या घराची जास्त. सून डबे मोजणार, मुलगा खिसे चाचपणार, अण्णा सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून जाऊन जिलेबी खाऊन येणार. आकडा नसला की अण्णा अण्णाच राहतात.

पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची दप्तरं 1992 मध्ये लोकांना खुली झाली, तेव्हाही कित्येकांनी आपलं दप्तर पाहायला अर्जच केला नाही. दप्तरात खबऱ्यांची टोपणनावं असत. खरं नाव हवं तर वेगळं मागावं लागे. सरकारविरोधी चळवळीतल्या व्हेरा वोलेनबर्गर यांच्यावर पाळत ठेवणारा 'डोनाल्ड' त्यांचा नवराच निघाला. अशा वेळी कुणी दप्तर बंदच ठेवलं, तर त्याला भित्रा म्हणवत नाही. झालेलं गेलं, कळून औषध थोडंच मिळणार?

साखरेचं तसं नाही. इथे गोळी आहे, पथ्य आहे. आणि ती दुखत नाही हीच तिची खोड: डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाची संवेदना, सगळं गुपचूप पोखरते. तळव्याची जखम मोज्यावरच्या डागामुळे कळते.

लॅबवाला बाहीला पट्टा बांधता बांधता विचारतो, ''तीन महिन्यांची पण करायची का ओ?''

अण्णा तोंड उघडायच्या आत मुलगाच म्हणतो, ''नको, नुसती उपाशीपोटीची करा.''