दांडीची चिमूट आणि कराडीची झोपडी

दांडीला येणारे बहुतेक जण मिठाच्या सत्याग्रहाच्या स्मारकात तासभर फिरतात, पुतळ्यांजवळ फोटो काढतात, किनाऱ्यावर काहीतरी खातात आणि गाडी वळवतात. मला याचा मनापासून राग येतो. एवढ्या लांब येऊन मीठ न बघता, गांधीजींना जिथे अटक झाली ते कराडी न बघता परतायचं?

आपल्या मराठवाड्यातून जाणं म्हणजे लांबचा पल्ला. छत्रपती संभाजीनगरहून कन्नड, चाळीसगाव, धुळे, साक्री, नवापूर, व्यारा, बारडोली आणि नवसारी. कन्नडचा घाट तुंबला तर अख्खं वेळापत्रक कोलमडतं, म्हणून तो उजाडायच्या आत उतरावा. पुढे कोंडाईबारीच्या घाटात ट्रकांच्या मागे रांगत जावं लागतं, तिथे घाई करू नये. बारडोली वाटेतच आहे. 1928 चा शेतसाऱ्याचा सत्याग्रह इथलाच, तेव्हा स्वराज आश्रमासाठी तास-दीड तास राखून ठेवा. रेल्वेने आलात तर नवसारी स्टेशनवर उतरून दांडी साधारण 16 किलोमीटर. रिक्षा येण्या-जाण्याची एकदमच ठरवावी. नुसती जाण्याची केली की संध्याकाळी परतीच्या वाहनासाठी ताटकळावं लागतं.

1930 साली आपण निजामाच्या राज्यात होतो. आपला लढा वेगळा, 1938 च्या सत्याग्रहापासून 17 सप्टेंबर 1948 पर्यंतचा. त्यामुळे मिठाचा सत्याग्रह आपल्याकडे पुस्तकातूनच आला, आणि पुस्तकात तो फार सोपा वाटतो: चालत गेले, वाकले, चिमूटभर मीठ उचललं. 12 मार्चला साबरमतीहून गांधीजींसोबत 78 जण निघाले. त्यांत भजनं सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे मराठीच. सुमारे 385 किलोमीटर चालून मंडळी 5 एप्रिलला दांडीत पोचली. मुक्काम किनाऱ्याजवळच्या सैफी व्हिला या बंगल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ उचललं. तारीखही मुद्दाम निवडलेली, 1919 मध्ये रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला ती 6 एप्रिल.

पण मीठ तिथे ढिगाने पडलेलं नव्हतं. भरतीचं पाणी किनाऱ्याच्या खळग्यांत साचतं, उन्हाने आटतं आणि तळाशी पांढरी पातळ खपली धरते. तेच नैसर्गिक मीठ. सत्याग्रही येण्याआधी सरकारी माणसांनी हे थर चिखलात तुडवून टाकले होते. याने फारसं साधत नाही, कारण मीठ मातीत मिसळलं तरी पाण्यात विरघळतंच. खारी माती पाण्यात कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी कापडातून गाळून कढईत आटवायचं. पुढचे कितीतरी दिवस गावोगाव हेच चाललं होतं. चिमूट ही फक्त सुरुवात.

हे अंगात मुरायचं असेल तर घरी एकदा करून बघा. भरतीच्या वेळी, खाडीच्या तोंडापासून दूर, 5 लिटर समुद्राचं पाणी घ्या. दुहेरी सुती कापडातून दोन-तीनदा गाळा. स्टीलच्या पातेल्यात उकळा. ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, खारं पाणी भांडं खातं. सव्वा लिटरच्या आसपास राहिलं की पाणी गढूळ पांढरं होतं. ते मीठ नव्हे, जिप्सम. थांबून पुन्हा गाळा, नाहीतर मीठ खडूसारखं कचकचतं. अर्धा लिटर उरलं की कडेला खडे दिसू लागतात. आता आच मंद करा, नाहीतर मीठ उडतं आणि हात भाजतो. सगळ्यात मोठी चूक शेवटी होते: लोक पातेलं कोरडं होईस्तोवर थांबतात. शेवटच्या शे-सव्वाशे मिलिलिटरमध्ये मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात. ते पाणी ओतून टाकलं नाही तर मीठ कडू लागतं आणि पावसाळ्यात ओलं होऊन गळतं. हाती जेमतेम 100 ग्रॅम मीठ येतं. चव बघण्यापुरतं ठीक, पण आजच्या किनाऱ्यावरचं पाणी बघता ते जेवणात वापरू नये.

आता हिशेब करा. एक किलो मिठाला चाळीस-पन्नास लिटर पाणी, वर सरपण. आणि त्याच मिठावर मणाला, म्हणजे सुमारे 37 किलोंना, सव्वा रुपया कर. समुद्रकाठच्या माणसाने दारातलं पाणी आटवलं तरी तो गुन्हेगार. दांडीला उभं राहिल्यावर मला याचीच चीड येते, पुतळे कितीही देखणे असोत.

स्मारक 30 जानेवारी 2019 ला खुलं झालं. चालणाऱ्यांचे पूर्णाकृती पुतळे खरोखर चांगले आहेत, एकेक चेहरा वेगळा. मीठ तयार करून बघायची सोयही आहे, मुलांना तिथे आधी न्या. एप्रिल-मे टाळा. ऊन आपल्याकडेही असतं, पण तिथली दमट हवा आपल्याला झेपत नाही. ओहोटीला समुद्र फार आत जातो, म्हणून भरतीची वेळ बघून निघा.

आणि कराडी. दांडीपासून काही किलोमीटरवरचं हे गाव. एप्रिलच्या मध्यापासून गांधीजी इथे खजुरीच्या पानांच्या झोपडीत राहिले. धारासणाच्या सरकारी मिठागरावर जाणार असल्याचं व्हाइसरॉयला कळवणारं पत्र त्यांनी याच मुक्कामी लिहिलं. 4 मेच्या मध्यरात्रीनंतर सुरतचे जिल्हा मॅजिस्ट्रेट सशस्त्र पोलिसांसह आले. अटक 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, म्हणजे खटलाच नाही. आगगाडीने बोरिवलीपर्यंत आणि तिथून मोटारीने येरवड्याला. झोपडीची जागा जपलेली आहे. गर्दी नसते, म्हणून लोक टाळतात. मला वाटतं त्याचसाठी जावं.

दिवस उरला तर दक्षिणेला वलसाड जिल्ह्यातलं धारासणा करा. रेल्वेला जवळचं स्टेशन डुंगरी. 21 मे 1930 ला सरोजिनी नायडू, गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे सहकारी इमाम साहेब आणि गांधीजींचे पुत्र मणिलाल गांधी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार सत्याग्रही तिथल्या मिठागराकडे रांगेने चालत गेले. लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यावर बसत होत्या, आणि एकानेही हात वर करून वार अडवला नाही. मुलांना दांडी दाखवताना हेही सांगा.