बाबांचं ताट: किडनीच्या आजारात जेवण ठरवताना

किडनीचा आजार निघाला की घरात सगळ्यात आधी येते ती 'हे चालत नाही'ची यादी. नातेवाईक पाठवतात, शेजारचे सांगतात, मोबाइलवर तर रोज नवी येते. त्या सगळ्या याद्या पाळल्या असत्या तर बाबांच्या ताटात दुधी आणि भात एवढंच उरलं असतं. आमच्या डाएटिशियन मॅडमनी पहिल्याच भेटीत याद्या बाजूला ठेवल्या आणि रिपोर्ट मागितले. पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), साखर, वजन. जेवण आजाराच्या नावावरून ठरवायचं नाही, ताज्या रिपोर्टवरून ठरवायचं, असं त्यांनी सांगितलं, आणि तेव्हापासून आमचं स्वयंपाकघर त्यावरच चालतं.

बाबा जुने मधुमेही, जोडीला बीपी. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, तेव्हा वीसच्या आसपास, म्हणजे आजाराचा चौथा टप्पा. गळ्यात माळ, त्यामुळे अंडं-मासे घरात नाहीत. राहणं सांगलीत, म्हणजे भाकरी, झणझणीत आमटी आणि जवळजवळ प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट. हे सगळं मोडून नवं काही शिजवलं असतं तर बाबा जेवलेच नसते. म्हणून आहे त्याच जेवणातून काय हलवायचं, हे शोधायचं ठरलं.

पहिला हिशेब प्रथिनांचा. तेव्हा त्यांना किलोमागे 0.8 ग्रॅम सांगितलं होतं. वजन 60 किलो, म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम. वाचताना हे फार कमी वाटतं, पण मांडून बघितलं तर भाकरी-पोळ्या, भात, एक वाटी वरण, थोडं दही आणि कपभर दूध एवढ्यातच 42-43 ग्रॅम होतात. त्यावर मटकीची उसळ आली की मर्यादा ओलांडली. मग ज्या दिवशी उसळ, त्या दिवशी वरण नाही. डाळ बंद करा म्हणणारे खूप भेटले, पण प्रथिनं फारच तोडली तर अंगातले स्नायू झडतात आणि माणूस अशक्त होतो. पोट भरायला हवंच, म्हणून तेल-तुपात हात आखडला नाही.

आकड्यांसाठी मला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटकांचे तक्ते फार उपयोगी पडले. बाहेरच्या देशांतल्या याद्या किवी आणि अ‍ॅव्होकॅडोबद्दल सांगतात, मला तोंडली आणि दोडक्याचं कळायला हवं होतं.

मीठ ही सगळ्यात अवघड गोष्ट. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, तोही आमटी, भाजी, कोशिंबीर सगळं धरून. मी रोज सकाळी तेवढं मीठ एका छोट्या वाटीत काढून ओट्यावर ठेवू लागले. कणीक आणि भात बिनमिठाचे. भाजी-आमटी सगळ्यांची एकत्रच, मीठ न घालता शिजते. मग बाबांचा वाटा काढून त्यात वाटीतलं चिमूटभर मीठ, बाकीचे आपापलं वरून घेतात. वाटी रिकामी झाली की बाबांना त्या दिवशी आणखी मीठ नाही, हे डोळ्यांना दिसतं, वाद होत नाही. लोणचं, पापड, सांडगी मिरची ताटातून गेली. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, म्हणजे आणखी सोडियम. चवीला लसणीची फोडणी, जिरं, ओवा, कढीपत्ता, आमसूल, लिंबाचे दोन थेंब. पहिले काही आठवडे बाबा घास चावत बसायचे. हळूहळू जीभ बदलली. आता बाहेरची आमटी त्यांनाच खारट लागते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती जिवावर बेतू शकते. मामांनी प्रेमानं 'लो सोडियम' मिठाचं पाकीट पाठवलं. त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. निरोगी माणसाला ठीक असेल, पण किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नसेल तर रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असलं मीठ घरात आणू नका. सैंधव मीठसुद्धा मुख्यत्वे सोडियमच, ते आमच्या वाटीच्या हिशेबातच धरतो.

पोटॅशियमची गंमत अशी की आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस तेच घेऊन येतो. शहाळी, केळी, संत्री, खजूर. एका शहाळ्याच्या ग्लासभर पाण्यात साधारण 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. बाबांचं पोटॅशियम एकदा 5.8 आलं (3.5 ते 5 ठीक मानतात), तेव्हा मी भेटायला येणाऱ्यांना फोनवरच सांगू लागले, आणायचंच असेल तर सफरचंद किंवा पेर आणा. डॉक्टरांनी मात्र फक्त जेवणाला दोष दिला नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी, रक्तातल्या आम्लतेनं, इतकंच काय बद्धकोष्ठतेनंही पोटॅशियम चढतं. गोळीचा डोस बदलला, पोट साफ राहील असं बघितलं, तेव्हा आकडा उतरला.

बटाटा आणि पालेभाजीसाठी एक युक्ती शिकले. साल काढून बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात उकडायचं, पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवून ते आत मुरवलं तर पोटॅशियम तिथंच राहतं. साखर एकदम उतरली तर संत्र्याचा रस न देता साखरपाणी द्यायचं, हेही लिहून भिंतीला लावलं आहे. किडनी कमकुवत झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, त्यामुळे साखर उतरण्याचा धोका वाढतो.

एकादशी हा खरा पेच होता. उपवासाचे पदार्थ बघा: बटाटा, रताळं, केळं, खजूर, शेंगदाणे. एकेक पोटॅशियमचं कोठार. उपवास सोडा म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि बाबांनी ऐकलंही नसतं. मॅडमनी समजून घेतलं. नुसत्या साबुदाण्यात पोटॅशियम फारसं नाही, खिचडीत कूट आणि बटाटा पडतो तिथे अडचण. आता एकादशीला भगर, तूप-जिऱ्याची फोडणी, काकडीची बिनकुटाची कोशिंबीर आणि पपईच्या दोन-तीन फोडी. इन्सुलिनचा त्या दिवशीचा डोस डॉक्टरांनी वेगळा लिहून दिला आहे. देवळातले वडीलधारे म्हणाले, "भगर खाल्ली तरी एकादशीच की." बाबांचं समाधान झालं.

मग डायलिसिस सुरू झालं आणि सगळं गणित उलटलं. याबद्दल कुणी आधीपासून बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डायलिसिसमध्ये रक्तातली अमिनो आम्लं आणि थोडी प्रथिनंही वाहून जातात, त्यामुळे गरज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमवर गेली. म्हणजे 60 ते 72 ग्रॅम. इतके दिवस ज्यांना वाटीभर उसळ मोजून दिली, त्यांना आता "बाबा, अजून थोडं वरण घ्या ना" म्हणायची वेळ. बाबा घाबरायचे, वाटायचं आपण पथ्य मोडतोय. अंड्याचा पांढरा भाग इथे सगळ्यात सोयीचा, प्रथिनं भरपूर आणि किडनी कमकुवत झाली की रक्तात साठणारा फॉस्फरस जवळजवळ नाही. पण माळ. मग घरी केलेलं पनीर, घट्ट वरण, मुगाचं धिरडं आणि डायलिसिसच्या रुग्णांसाठीची प्रथिनांची पावडर. डाळीतला सगळा फॉस्फरस शरीर शोषून घेत नाही, हे त्यात बरं. डबाबंद पदार्थांत, प्रोसेस्ड चीजमध्ये, काळ्या कोलामध्ये मिसळलेला फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसच, मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो.

पाण्यावर बंधन आलं: दिवसाची लघवी जितकी, त्यावर साधारण 500 मिली. त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं. बाबांची बाटली वेगळी. मीठ आधीच कमी असल्यानं तहान आवरायला सोपं गेलं, दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात पाणी साठून वजन फार वाढत नाही.

फॉस्फरस अजून नीट बसलेला नाही. या महिन्यात 6.1 आला, 5.5 च्या आत हवा होता. अंगाला खाज सुटते त्यामागे हेही एक कारण असतं. फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवतानाच घ्यायच्या असतात, नंतर घेऊन उपयोग नाही. संध्याकाळच्या दूध-पोह्यांबरोबर बाबा त्या घेत नाहीत, असं आमच्या लक्षात आलं. आता गोळ्यांची डबी ताटाशेजारी असते, आणि पनीर रोज द्यायचं की एक दिवसाआड, हे सोमवारी मॅडमना विचारणार आहे.